दुखेपर्यंत चालायचं

उमरग्यात मी दवाखाना उघडला तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला 'फिजिओथेरपी' हा शब्द काही केल्या लिहिता येईना. शेवटी मी 'भौतिकोपचार केंद्र' असं लिहून घेतलं. पहिल्या दिवशी एकच माणूस आला. त्याची मुलगी बारावीला होती. "फिजिक्सची शिकवणी हितंच का? केमिस्ट्री बी घेता का?" त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी हायवेवरचा एक ट्रक ड्रायव्हर आला, सरळ पलंगावर पालथा पडला आणि म्हणाला, "तेल कंचं लावता?" मी तेल लावत नाही म्हटल्यावर तो उठून बसला. मग औषध देता का, सुई देता का, बोटं मोडता का, असं एकेक विचारत गेला. प्रत्येकाला मी नाही म्हणत गेले. "मग तुमी देता तरी काय?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच काळजी होती.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझी कामाची सगळी वर्षं गेली. हाडाचा डॉक्टर हाड बसवतो, सर्जन कापतो आणि शिवतो, फिजिशियन गोळ्या देतो. ते सगळे आपापलं काम करून गेले की माणूस खाटेवर उरतो. त्याला उठवून उभा करणं, हात डोक्यापर्यंत न्यायला लावणं, स्वतःच्या पायानं संडासापर्यंत नेणं हे आमचं काम. ते आम्ही करत नाही, रोग्याकडूनच करून घेतो. त्यामुळं बरं वाटलं की रोग्याला वाटतं आपलं आपणच बरं झालो. ते खरंही असतं.

माझे वडील लोहाऱ्याला तहसील कचेरीत शिपाई होते. आमच्या घरात शिक्षणावरून कधी वाद झाला नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अभ्यास करायचा, एवढाच नियम होता. मला डॉक्टर व्हायचं होतं, तेवढे गुण पडले नाहीत, म्हणून मी फिजिओथेरपीकडं आले. पहिली काही वर्षं ते मनाला लागत होतं. नंतर विसरले.

पुढचं सगळं ज्या गोष्टीवर उभं आहे ती आधी सांगते. आपला स्नायू म्हणजे बारीक धाग्यांची जुडी असते. प्रत्येक धाग्याच्या अंगाला केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या लगटून असतात. त्या इतक्या अरुंद की रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यातून एकामागं एक, ओळीनंच जावं लागतं. धाग्याला खाणं आणि हवा पोचते ती इथंच. माणूस मेहनत करू लागला की धागा जाड होतो. धागा जाड झाला की त्याचा गाभा रक्तापासून लांब पडतो. मग स्नायूच आतून मागणी करतो, आणि जुन्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात, कुठं एकीच्या दोन होतात. ही मागणी स्नायूला कमी पडल्याशिवाय होत नाही. आरामात बसलेला स्नायू काही मागत नाही, आणि त्याला काही मिळतही नाही. ही कामं हळूहळू होतात. डोळ्यांना दिसत नाहीत.

एकदा पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरणा पोरगा आला होता. दंड माझ्या मांडीएवढे. जिममध्ये कुणीतरी दिलेली इंजेक्शनं घेत होता. छाती पंख्यासारखी, पण मैदानाला एक फेरी मारली की पाय दगड व्हायचे. त्याला मी हेच सगळं सांगितलं, की मांस भराभर चढवलंस, पण त्याला पोसणाऱ्या नळ्या इतक्या घाईनं येत नाहीत. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, नळ्या वाढवायचं इंजेक्शन न्हाय का कुठं?" तो भरती झाला नाही. आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि मला बघितलं की दंड शर्टात लपवतो.

पण मला सांगायचंय ते शेषेरावांचं.

शेषेराव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आले तेव्हा साठीकडं झुकलेले. मान आणि खांदे एक झालेले, पाठ अशी की भिंतीला टेकले तर भिंतच सरकेल. सोबत बायको, कौसाबाई. खुर्ची पुढं केली तरी शेषेराव बसले नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांचा कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "डॉक्टरनी तुमच्याकडं धाडलंय. चालायला शिका म्हणले."

"बसा तर आधी."

"मॅडम, म्या हमाल हाय. सोयाबीनचा कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढतो. थप्पी लावतो. मला तुमी चालायला शिकवणार?"

मी काही बोलायच्या आत कौसाबाई म्हणाल्या, "दोन दुकानं झाली की हे पाटी वाचत हुबे राहत्यात. मोंढ्यातले लोक म्हणत्यात, शेषेराव लई वाचायलाय आता. ह्यांना वाचता कुठं येतंय?"

शेषेराव खाली बघायला लागले. मग बसले.

वर्षभर झालं होतं. थोडं चाललं की उजवी पोटरी कुणीतरी पिळून काढल्यासारखी दुखायची. थांबलं की दुखणं जायचं. पुन्हा चाललं की यायचं. बरोबरच्या हमालांना कळू नये म्हणून ते कधी पाटीपुढं थांबत, कधी धोतर नीट करत, कधी उगीच कुणाला तरी रामराम घालत. हा रोग असाच असतो. पायाकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी आतून बुजत येते. बसल्या जागी जेवढं लागतं तेवढं रक्त पोचतं. चालताना जास्त लागतं, ते पोचत नाही, आणि स्नायू ओरडतो. लहानपणापासून ओढलेल्या बिड्यांनी शेषेरावांच्या गुडघ्याखालच्या वाहिन्या इतक्या ठिकाणी बुजवल्या होत्या की सोलापूरला नळी घालायला किंवा जोड द्यायला धड जागा सापडली नाही. बिडी बंद, गोळ्या चालू, आणि चालणं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: पायाला जखम होऊ देऊ नये.

मी दोन्ही पोटऱ्यांना मापाचा टेप लावला. डावी पोटरी दगडी होती. उजवी तिच्या पुढं आजारी माणसाची वाटत होती. त्या पायाची कातडी चकचकीत, केस गळालेले, बोटं गार.

"आता ऐका," मी म्हटलं. "दुखायला लागलं की तुम्ही लगेच थांबता. यापुढं लगेच थांबायचं नाही. चांगलं दुखेपर्यंत चालायचं. मग उभं राहायचं. दुखणं पुरतं गेलं की पुन्हा चालायचं."

"दुखायलंय म्हंजे बिगडायलंय ना?"

"या दुखण्यात नाही. पोटरीला रक्त कमी पडतं तेव्हा ती मागते. तिनं मागितल्याशिवाय नव्या नळ्या येत नाहीत. मोठी वाट बंद आहे, ती काही उघडायची नाही. आजूबाजूनं बारीक वाटा पडतात का बघायचं."

"म्हंजे पिंढरीला रडवायचं?"

"रोज."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. छातीत दुखलं, जबडा आवळला, डावा हात जड झाला, दम लागला, तर एक पाऊलही पुढं टाकायचं नाही. असेल तिथं बसायचं आणि माणूस बोलवायचं. ते दुखणं वेगळं. एका जागी वाहिन्या बुजल्या असतील तर दुसऱ्या जागीही बुजत असतात. हे मी शेषेरावांकडून म्हणून घेतलं. कौसाबाईंनी न सांगता म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून चालणं सुरू झालं. दवाखान्यापासून जुन्या रस्त्यानं पिठाच्या गिरणीकडं. पहिल्या दिवशी सायकलच्या दुकानाशी त्यांचा चेहरा काळवंडला. मी शेजारी उभी होते. "अजून थोडं," मी म्हटलं. ते विजेच्या खांबापर्यंत गेले, खांबाला हात लावून उभे राहिले आणि डोळे मिटले. पोतं उचलताना जो माणूस कधी हुंकारत नसेल, तो तिथं कण्हला.

लोकांनी थट्टा केली. अधिकारी लोक आणि त्यांच्या बायका सकाळी फिरायला जातात, हमाल कशाला जाईल? मोंढ्यातून कुणीतरी ओरडलं, "काय शेषेराव, साखर झाली का?" शेषेरावांनी दोन दिवस खाडा केला. तिसऱ्या दिवशी कौसाबाईच त्यांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "म्या बी चालते ह्यांच्या संगं. हसायचं तर दोघांला हसा म्हणावं." पहिल्यांदा त्या दहाबारा हात मागून चालायच्या, पदर डोक्यावर. नंतर अंतर कमी होत गेलं. पुढं पुढं दोघं एका रेषेत चालायला लागले. आमच्याकडं रस्त्यानं नवरा-बायको असं चालताना फारसं दिसत नाही. मी गॅलरीतून बघत राहायची.

बिडी सुटणं चालण्यापेक्षा अवघड गेलं. कौसाबाईंनी काय केलं मला माहीत नाही, पण एक दिवस शेषेराव स्वतःच म्हणाले, "बंद केली. आता तोंडाला कायतरी पायजे म्हणून बडीशेप खातोय. मोंढ्यातलं पोरगं म्हणालं, शेषेरावमामा हॉटेलात जेवून आले वाटतं."

सायकलचं दुकान मागं पडलं. मग खांब. मग गिरणी. मग रस्ता वळून बसस्टँडाच्या कोपऱ्याला लागतो तिथवर ते एका दमात जाऊ लागले. मी पुन्हा टेप लावला तेव्हा उजवी पोटरी भरली होती. डावीसारखी नव्हे, पण हाताला मांस लागत होतं. मी शेषेरावांचा हात धरून त्यांच्याच पोटरीवर ठेवला. त्यांनी ती दाबून बघितली, बाजारात बैलाची बघतात तशी. जाताना दारात वळून म्हणाले, "ह्या आत नळ्या आल्या म्हणता?"

"आल्या असतील."

"असतील कामून? तुमाला दिसत न्हाईत?"

"नाही. मला दिसत नाहीत."

खरं होतं ते. इतकी वर्षं मी लोकांना या वाहिन्यांबद्दल सांगत आले. मी त्या पुस्तकातल्या चित्रांत आणि कॉलेजात काचेखाली पाहिल्या होत्या. जिवंत माणसात कधीच नाही.

त्यानंतर महिनाभरानं ते घडलं ज्याची भीती होती. शेषेरावांनी ब्लेडनं पायाचं नख काढलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला कोपऱ्यात जरा लागलं. एवढंसं. हमालाच्या अंगावर अशा जखमा रोजच्या. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. कौसाबाईंना वास आला तेव्हा बोटाचं टोक काळं पडलं होतं.

सोलापूरला बोट काढलं. डॉक्टर चांगले होते, स्पष्ट बोलणारे. त्यांनी कौसाबाईंना बसवून सांगितलं, की ही जखम भरली तर पाय राहील. जखम भरायला रक्त लागतं. रक्त पोचत नसेल तर ती भरणार नाही, वर चढेल, आणि मग गुडघ्याखालून काढावा लागेल.

दोघं उमरग्याला परत आले. चालणं बंद. मी त्यांच्या घरी जाऊ लागले. मोंढ्यामागच्या वस्तीत पत्र्याचं घर होतं, पुढं कडुलिंब. शेषेराव खाटेवर उजवा पाय उशीवर टाकून पडलेले. मी हातांचे, पाठीचे, डाव्या पायाचे व्यायाम घ्यायची, म्हणजे पडून पडून अंग जाऊ नये. ते यंत्रासारखे करायचे आणि भिंतीकडं बघायचे. मोंढ्याचे मुकादम गफूरचाचा रोज संध्याकाळी यायचे. शेषेरावांनी त्यांना आत येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी यायचे. बाहेर कडुलिंबाखाली बसायचे, कौसाबाईंनी दिलेला चहा प्यायचे आणि जायचे. बाहेरूनच एकदा म्हणायचे, "शेषू, मैं आया था." आतून उत्तर यायचं नाही.

एक दिवस कौसाबाई मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मॅडम, इतकं चालला ह्यो माणूस. तेवढ्या नळ्या आल्या असतील ना? जखम भरंल इतक्या?"

मला हो म्हणावंसं वाटलं. रोग्याच्या घरच्यांना धीर देणं हाही आमच्या कामाचा भाग असतो. पण त्या बाईनं त्या रस्त्यावर ऊन, वारा, लोकांचं हसणं, काही न बघता पाय उचलले होते. तिला उगीच काहीतरी सांगणं मला जमलं नाही.

"मला माहीत नाही, कौसाबाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं खरं बोलला," म्हणाल्या, आणि माघारी गेल्या.

जखम बांधायला एक सिस्टर यायच्या, फार हलक्या हाताच्या. मी असले तर मीही बघायची. जखमेचा तळ राखेसारखा होता. ना ओला, ना कोरडा. सिस्टर पुसायच्या, पट्टी ठेवायच्या, गुंडाळायच्या. पुढच्या वेळी तीच राख. सोलापूरहून मला फोन आला की पुढच्या आठवड्यात घेऊन या, बघू. 'बघू' म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा सिस्टरनी पट्टी नुकतीच सोडली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. दारातून येणारं ऊन खाटेवर पडलं होतं. जखमेच्या तळाशी, एका कडेला, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. ओले, चकाकणारे, डाळिंबाचे अगदी कोवळे दाणे असावेत तसे. सिस्टरनी कापूस नुसता टेकवला आणि कापसावर रक्त आलं.

"रगत आलं?" शेषेरावांनी उशीवरून मान उचलली. "काय झालं? रगत कामून आलं?"

"आलं," सिस्टर म्हणाल्या. "आलं बाबा. येऊ दे."

जखम भरताना आधी या बारीक वाहिन्याच वर येतात. त्यांच्या वेटोळ्यांचे ते दाणे असतात. त्यांच्यावर मग मांस धरतं, वरून कातडी येते. मी हे परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी पत्र्याच्या घरात, उन्हाच्या तिरीपेत, ज्या गोष्टीचं नाव घेऊन मी लोकांना चालायला लावत होते ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. रक्त आलं म्हणून घरात आनंद झालेलाही मी तेव्हाच पाहिला. कौसाबाई बाहेर गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या असतील. त्या गफूरचाचांना फोन लावायला शेजारणीकडं गेल्या होत्या. चाचा धावत आले, आणि या वेळी न विचारता आत आले.

पाय राहिला. कशानं राहिला ते कुणी सांगू शकणार नाही. बिडी सुटली होती, गोळ्या चालू होत्या, बोट वेळेवर निघालं होतं, सिस्टरांचा हात होता. शेषेराव म्हणायचे तुळजापूरच्या आईनं राखला. कौसाबाई म्हणायच्या, चालण्यानं. मी दोघांनाही हो म्हणायची.

जखम पुरती भरल्यावर पुन्हा पहिल्यापासून चालणं सुरू झालं, कारण पडून राहिलेल्या पायातलं मांस पुन्हा उतरलं होतं. या वेळी मला शेजारी उभं राहावं लागलं नाही. पोतं उचलणं मात्र संपलं. गफूरचाचांनी त्यांना मोंढ्याच्या गेटावर बसवलं. कुठली गाडी कुठल्या अडत्याच्या दुकानापुढं लावायची ते सांगायचं. काम सोपं होतं आणि शेषेरावांना ते सोसत नव्हतं. "लोक पोतं नेत्यात आन् म्या हात दाखवत बसतोय," म्हणायचे. पण सकाळी चालणं कधी चुकलं नाही. एकदा दवाखान्यात आले, पेशंट बसलेले असताना दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, बायपासपर्यंत जाऊन आलो! मधी कुठंबी थांबलो न्हाय!" तिथं बसलेल्या एका म्हातारबुवांनी विचारलं, "गाडीनं का?" शेषेराव हसले. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी तेव्हाच ऐकलं.

ते गेले थंडीत, सकाळी. कौसाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी, लोहाऱ्याकडच्या गावात होत्या. शेषेराव एकटेच चालायला निघाले होते. दूधवाल्यानं नंतर सांगितलं, की शेषेरावमामा बायपासजवळ भिंतीला हात लावून उभे होते. छाती चोळत होते. त्यानं विचारलं तर हातानंच जा म्हणाले. मग ते चालायला लागले. पुढं पुन्हा थांबले. पुन्हा चालले. असं करत मोंढ्याच्या गेटापर्यंत आले, आपल्या स्टुलावर बसले आणि बसल्या जागीच कलंडले. गफूरचाचांनी रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

चौथ्या दिवशी मी कौसाबाईंना भेटायला गेले. मला तिथं जायची भीती वाटत होती. घरात बायका बसलेल्या होत्या. कौसाबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. मग त्याच म्हणाल्या, "तुमी सांगितलं व्हतं, मॅडम. छातीत दुखलं तर बसा म्हणून. म्या ऐकलं व्हतं. त्यांनी बी ऐकलं व्हतं."

"मग चालले का, कौसाबाई?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला एवढंसुद्धा कळू नये याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"पाठीवर पोतं असताना मधी टाकत न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "ठिकाणावर नेऊनच टाकत्यात."

मी घरी आले आणि पुढं कितीतरी दिवस दवाखान्यात 'दुखेपर्यंत' हा शब्द तोंडातून काढताना अडखळले. सांगायचं ते मी सांगितलं होतं, हे मला माहीत होतं आणि कौसाबाईंनाही. त्यानं काही सोपं झालं नाही. पायाच्या बारीक वाहिन्यांना वेळ मिळाला, काळजाच्या वाहिन्यांना मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. एका माणसाचा पाय चालता करून दाखवणं आणि माणूस राखणं यांत किती अंतर आहे ते मला त्या थंडीत कळलं.

काही आठवड्यांनी गफूरचाचा दवाखान्यात आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मॅडम, एक काम होतं. आमच्या लोकांचे पाय बघता का? कुणी बोलत नाही. पण मी रोज बघतो ना, दोघं-तिघं मधीच थांबायलेत."

मी त्यांना दवाखान्यात पाठवा म्हटलं. चाचा म्हणाले, "येणार नाहीत. तुम्हीच चला."

दुपारी सौदे संपल्यावर मी मोंढ्यात गेले. तुरीच्या थप्पीपुढं वीसेक हमाल बसले होते. पाय बघायचा म्हणजे काय ते मी सांगितलं. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, एक नाडी लागते. मनगटाला लागते तशीच. तिथं ठोका लागला तर रक्त खालपर्यंत पोचतं. काहींना ती जन्मापासूनच लागत नाही, म्हणून घोट्याच्या मागची दुसरी बघायची. दुखत नाही, टोचत नाही.

कुणीच पाय पुढं केला नाही. उलट सगळ्यांनी पाय आत ओढून घेतले. भानुदासराव म्हणून एक वयस्क हमाल होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी आमच्या पायाला हात लावायचा न्हाय. पाप लागतंय आमाला."

मला माझे आजोबा आठवले. ते याच भागातल्या एका खेड्यात राबले. त्यांच्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून लोक अंग चोरून घेत. आणि इथं वयानं माझ्याहून मोठी माणसं मी त्यांच्या पायाला शिवू नये म्हणून अंग चोरून बसली होती, आदरानं. यांतल्या काहींना माझं आडनाव माहीत होतं, गाव माहीत होतं.

तेवढ्यात गफूरचाचा उठले. कोपऱ्यातल्या नळावर गेले, पायजमा वर करून दोन्ही पाय घोट्यापर्यंत चोळून धुतले, ओल्या पायानं माझ्यापुढं पोत्यावर येऊन बसले आणि पाय पुढं केला. "देखो," म्हणाले.

मी बोटं ठेवली. ठोका चांगला होता.

मग एकेक जण उठला. नळावर रांग लागली. धुळीनं, भुशानं मळलेले, भेगा पडलेले पाय धुतले जात होते आणि फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. मी एकेक पाय हातात घेत गेले. बहुतेकांचे ठोके लागले. एकदोघांचे क्षीण होते. त्यांना मी सोलापूरला जायला सांगितलं.

भानुदासराव शेवटी आले. नजर दुसरीकडं करून त्यांनी उजवा पाय पुढं ठेवला. मी बोटं ठेवली. थोडी सरकवली. पुन्हा ठेवली. घोट्यामागं बघितलं. मोंढ्यातलं बोलणं हळूहळू थांबलं. कुणीतरी पंखा बंद केला, जणू त्याच्या आवाजानं मला ऐकू येत नसावं.

"हाय का, मॅडम?" भानुदासरावांनी विचारलं.

"लागत नाही, भानुदासराव."

त्यांच्या पायावरचं पाणी माझ्या हातावर आलं होतं. पाय मागं घेतील असं मला वाटलं. त्यांनी तो घेतला नाही. खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांनी डावा पाय पुसला, नीट, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, आणि तो स्वतःच उचलून माझ्या हातात दिला.

"ह्यो बगा," म्हणाले.

मी बोटं ठेवली. त्या पायात ठोका होता. मी तो बराच वेळ धरून ठेवला.